मोटारीमागची होडी

मोटारीच्या मागें होडी जोडून नेणें हा विषय आमच्या वाचकांपैकीं पुष्कळांस प्रथमदर्शनीं परका वाटेल. होडी असावयाची पाण्यांत आणि मोटार रस्त्यावर. ह्या दोहोंची गांठ घालून देण्याचा प्रसंग आपल्या घरांतील मंडळींवर यावयाचा कोठें, असें कोणी म्हणेल. आम्हीही कालपरवांपर्यंत असेंच म्हणत होतों. परंतु आमचें घर पडलें अड्याळवरून पवनीस जाणाऱ्या रस्त्याला लागून, आणि गेल्या कांहीं वर्षांत श्रावण-भाद्रपदांत आमच्या ओसरीसमोरून एकदां तरी चाकांवर बसलेली होडी जाते. ती हौसेनें चाललेली नसते. कोणत्या तरी गांवीं धाब्यावर नाहीं तर झाडावर बसून राहिलेल्या माणसांसाठीं ती चाललेली असते. हें ध्यानांत आल्यापासून जीप आणि होडी ह्यांच्या मधल्या त्या हातभर लोखंडाकडे आमची नजर आपोआप जाऊं लागली, आणि तेथें काय काय बिघडूं शकतें हें पाहून आम्ही कांहींसे अस्वस्थही झालों.

भंडाऱ्यास तलावांचा जिल्हा म्हणतात, तें उगाच नव्हे. कोहळी समाजाच्या लोकांनीं पिढ्यान्‌पिढ्या खपून बांधलेले, पुढें मालगुजारी तलाव ह्या नांवानें ओळखले गेलेले लहानमोठे तलाव ह्या भागांत जागोजाग आहेत. त्यांतला प्रसिद्ध नवेगांव बांध १९९९ सालीं गोंदिया जिल्हा वेगळा निघाल्यावर तिकडे गेला. पण साकोली तालुक्यांतील शिवनीबांधासारखे तलाव अद्याप आमच्याकडे आहेत. ह्या पाण्यावर ढिवर बांधवांचा डोंगा चाले. डोंगा ज्या तलावांत एकदां उतरला, त्याच तलावांत बहुधा त्याचें आयुष्य सरे. त्याला रस्ता ठाऊक नव्हता आणि रस्त्याला तो ठाऊक नव्हता.

वैनगंगेनें हा हिशेब बदलला. ही नदी मध्यप्रदेशांतील शिवनी जिल्ह्यांत उगम पावून आमच्याकडे येते. तिच्यावर पवनीजवळ गोसीखुर्द येथें जें मोठें धरण झालें, त्याची कोनशिला १९८८ सालीं राजीव गांधी ह्यांच्या हस्तें बसली. २०२० सालच्या ऑगस्टच्या अखेरीस वरच्या संजय सरोवरांतून पाणी सुटलें, उपनद्या फुगल्या, गोसीखुर्दचे तेहेतीसही दरवाजे उघडावे लागले, आणि भंडारा शहराच्या वस्तींत व नदीकांठच्या गांवांत पाणी शिरलें. त्या वेळीं राज्य व राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाचे जवान बोटी घेऊन आले. राज्याच्या दलाचें एक ठाणें नागपुरास आहे. तेथून भंडारा सुमारें साठ किलोमीटर. पूर नदींत येतो खरा, पण मदत यावयाची ती रस्त्यानें, ही गोष्ट त्या आठवड्यांत आम्हां सर्वांच्या मनावर ठसली. रबरी बोट असेल तर तिची घडी करून ट्रकमध्यें टाकतां येते. फायबरची किंवा ॲल्युमिनियमची टणक होडी असेल, तर तिला बहुधा दोन चाकांच्या ट्रेलरवर चढवून जीपमागें जोडावें लागतें. ती जोडणी वाटेंत दगा देईल, तर पुढच्या गांवीं वाट पाहणाऱ्यांच्या लेखीं होडी निघालीच नाहीं असें होतें. आणि सुटलेला ट्रेलर समोरून येणाऱ्या दुचाकीवर जाऊन आदळला, तर पुराच्या आधींच एक घर बुडतें.

दोन वर्षांपूर्वींची गोष्ट. दोन दिवस झड लागलेली होती. वरून पाणी सोडल्याची वार्ता सकाळींच आली होती, आणि दुपारच्या सुमारास एक सरकारी जीप मागें होडी घेऊन आमच्या फाटकापाशीं थांबली. चालक एक तरुण गृहस्थ, बरोबर दोन मदतनीस. तिघेही पहाटेपासून उपाशी. आमच्या काकूंनीं त्यांस ओसरीवर बसवून चहा-पोहे पुढें केले. तेवढ्यांत आमच्याकडील वृद्ध सालदार, ज्यांनीं उभा जन्म बंडीच्या धुरेवर काढला, ते डोक्यावर पोतें घेऊन जीपभोंवतीं एक फेरी मारून आले आणि आमच्या वडील बंधूंस म्हणाले, "काकाजी, हे तं उलार हाये."

आमच्याकडील झाडीबोलींत 'ळ'चा 'र' होतो, हें बाहेरच्या वाचकांसाठीं सांगितलें पाहिजे. पुस्तकी मराठींत हाच शब्द 'उलाळ' असा आहे. ज्या गाडींत ओझें आसाच्या मागें अधिक भरलें गेलें, ती गाडी उलाळ. तिची धुरी वर उचलली जाते, जूं बैलांच्या मानेवरून सुटूं पाहतें, आणि जोतीं त्यांच्या गळ्याला कांचतात. चालक हंसून म्हणाला, "बाबा, ही बैलबंडी नाहीं, लोखंडी जोड आहे. तो कुठं उचलला जातो?" त्यावर सालदार म्हणाले, "बैल बोंबलते तरी. तुमची जीप बोंबलंल का?"

ह्या प्रश्नास उत्तर नव्हतें. आम्ही उठून पाहिलें, तों खरोखरच ट्रेलर मागच्या अंगास कलला होता, आणि जीपचा मागचा भाग जसा थोडा खालीं दबलेला असावयास हवा, तसा तो नव्हता. कारण शोधावयास फार जावें लागलें नाहीं. होडी उघडी होती, तिच्या बुडाचें बूच घट्ट बसवलेलें होतें, आणि रात्रभराचा पाऊस मागच्या कोपऱ्यांत सांचून राहिला होता. बूच काढतांच जी धार लागली, ती चहा संपेपर्यंत थांबली नाहीं.

आतां ह्या पाण्याचा हिशेब करून पाहूं. चार मीटर लांब आणि दीड मीटर रुंद होडीचें तोंड सहा चौरस मीटरांचें असतें. तासा-दोन तासांत वीस मिलिमीटर पाऊस पडणें आमच्याकडे श्रावणांत कोणी मोठें मानीत नाहीं. तेवढ्यानें त्या होडींत एकशेंवीस लिटर पाणी, म्हणजे एकशेंवीस किलो ओझें जमा होतें. आणि हें ओझें बांधलेलें नसतें. धान्याचें पोतें जेथें ठेवावें तेथें राहतें. पाणी मात्र चढण आली कीं मागें धांवतें, उतार आला कीं पुढें धांवतें.

पाण्याचें नांव बाजूस ठेवलें, तरी ओझें कोठें असावें ह्याचा एक नियम आहे, आणि तोच ह्या सर्व विषयाचा गाभा आहे असें आम्हांस वाटतें. ट्रेलर व त्यावरील सर्व सामान मिळून जें वजन होईल, त्याचा सुमारें दहावा हिस्सा पुढच्या दांडीच्या टोंकावर, म्हणजे जीपच्या पाठीवर पडला पाहिजे. होडीच्या ट्रेलरांना सात ते दहा टक्के पुरतात असें जाणकार म्हणतात. इतर ट्रेलरांना दहा ते पंधरा सांगतात. युरोपांत ह्याहून कमी प्रमाण चालतें, पण तेथल्या गाड्या आणि तेथली वेगमर्यादा निराळी. समजा, होडीसह ट्रेलर ६०० किलोंचा आहे. मग दांडीवर ६० किलो हवेत. आतां आसापासून दांडीचें टोंक तीन मीटर पुढें आणि होडीचें मागचें अंग दोन मीटर मागें आहे असें धरा. त्या मागच्या अंगाशीं १०० किलो पाणी सांचलें, तर तराजूच्या न्यायानें पुढच्या टोंकावरील सदुसष्ट किलो भार उचलला जातो. मुळांत होते साठ. म्हणजे दांडी आतां जीपवर दाबत नाहीं; ती जीपला सात किलोंनीं वर उचलते आहे. सालदारांनीं एका फेरींत जें पाहिलें, त्याचा आंकडा हा असा निघतो.

दांडीवरचा भार गेला कीं ट्रेलर डावीकडे-उजवीकडे झुलूं लागतो. आधीं वीतभर, मग हातभर, आणि वेग जितका अधिक तितकें तें झुलणें बळावत जातें. शेवटीं ट्रेलरच गाडी हांकतो आणि चालक नांवाला राहतो. सालदारांची भाषा ह्याहून सोपी होती. "बैलाच्या मानेवर थोडा भार पायजे, काकाजी. मान रिकामी, तं बंडी आपल्या मनानं चालते."

उलट बाजूनेंही अतिरेक नको. पुढें फार भार पडला तर जीपची मागची चाकें बसतात, पुढचीं हलकीं होतात, सुकाणूचक्र हातांत पोकळ वाटूं लागतें, आणि रात्रीं दिव्यांचा झोत रस्त्याऐवजीं झाडांच्या शेंड्यांवर पडतो. म्हणून हा भार एकदां मोजून ठेवावा हें उत्तम. त्यास यंत्रशाळेंत जावयास नको. हल्लीं पुष्कळ घरीं माणसांचें वजन करण्याचा कांटा असतो. धान उत्पादक जिल्ह्यांत भातगिरणीचा कांटा तर कोठेंही सांपडेल. ट्रेलर सपाट जमिनीवर उभा करून, चाकांना दगड लावून, जीपला जोडतांना दांडी जितकी उंच असते तितक्याच उंचीवर कांट्यावर लांकडी ठोकळा ठेवून टेकवावी, म्हणजे आंकडा दिसतो. कमी भरला तर होडी पुढें सरकवावी, किंवा इंधनाचा डबा, नांगर, दोरखंड हें सामान पुढच्या अंगास बांधावें. आम्हीं तशी मोजणी आमच्या ट्रॅक्टरच्या लहान ट्रॉलीवर करून पाहिली, आणि घरांतील मुलांना गणिताच्या पुस्तकांतल्या तरफेच्या उदाहरणांपेक्षां ती अधिक आवडली.

पाणी निघून गेल्यावर वडील बंधूंनीं चालकास म्हटलें, "आतां उठलांच आहांत, तर जोडही पाहून घ्या." तो वाटी आणि गोळ्याचा होता. जीपच्या मागें लोखंडी गोळा, ज्यास मोटारवाले बॉल म्हणतात, आणि दांडीच्या टोंकास त्यावर पालथी बसणारी वाटी. वाटींत एक जिभेसारखा तुकडा असतो. तरफ खालीं पाडली कीं तो गोळ्याला खालून धरतो. ही योजना फार चांगली आहे, पण तिच्यांत एक खोड आहे. चुकीच्या मापाचा गोळाही ह्या वाटींत बसतो, तरफही पडते, आणि सर्व ठीक आहे असें वाटतें. अमेरिकेंत हे गोळे इंचांच्या मापानें चालतात: पावणेदोन इंचांहून अंमळ मोठा म्हणजे ४७.६ मिलिमीटर, दोन इंची म्हणजे ५०.८, आणि जड कामासाठीं ५८.७. युरोपांत ५० मिलिमीटर हें एकच माप रूढ आहे. आपल्याकडे बाहेरून आलेला माल आणि वेल्डिंगच्या दुकानांत घडवलेला माल अशी सरमिसळ असते. दोन इंची वाटीखालीं ४७.६ चा गोळा असला, तर फरक अवघा तीन मिलिमीटरांचा, डोळ्यांस न दिसणारा. पण गांवच्या पहिल्याच गतिरोधकावर वाटी उडून बाहेर येते. माप बहुधा गोळ्याच्या माथ्यावर व वाटीच्या पाठीवर ठोकलेलें असतें. चिखल पुसून तें वाचावें. गोळा झिजून अंडाकृति झाला असेल तर माप बरोबर असूनही उपयोग नाहीं.

त्या दिवशीं माप बरोबर निघालें. तरफ मात्र अर्धीच पडलेली होती, आणि तिच्या भोंकांत खिळीऐवजीं तारेचा एक तुकडा पिळून घातलेला होता. चालकानें मदतनिसाकडे पाहिलें, मदतनिसानें दुसऱ्याकडे. पहाटे अंधारांत एकानें दांडी बसवली, दुसऱ्यानें तरफ पाडली, तिसऱ्यानें तार घातली. प्रत्येकास वाटलें कीं पहिल्यानें नीट पाहिलेंच असेल. आम्हांस हंसूं आलें, कारण ही गोष्ट आमच्या घरांतली होती. एकत्र कुटुंबांत चुलीवरील दुधाकडे सर्वांचें लक्ष असतें, आणि म्हणूनच तें उतूं जातें. ज्या माणसानें जोडणीस हात घातला, त्यानेंच ती शेवटपर्यंत न्यावी, मध्यें कोणी हांक मारली तर पुन्हां पहिल्यापासून सुरू करावी, आणि निघण्यापूर्वीं चालकानें स्वतः उतरून एकदां हात लावून पाहावें, हा शिरस्ता सैन्यांत काय नि आपल्या स्वयंपाकघरांत काय, सारखाच उपयोगी आहे.

वाटी खरोखर बसली आहे कीं नाहीं हें ओळखण्याची एक सोपी खूण आहे. तरफ पाडून खीळ घातल्यावर ट्रेलरच्या पुढच्या जॅकनें दांडी वर उचलावयास लागावें. जोड पक्का असेल तर दांडीबरोबर जीपचा मागचा भागही वर येऊं लागतो. वाटी एकटीच वर आली, तर ती नुसती टेकलेली होती. दोन बोटें उचलून पाहिल्यावर जॅक परत गुंडाळून, त्याचें लहान चाक वर करून पक्कें करावें. लोंबतें राहिलें तर पहिल्या खड्ड्यांत तें तुटतें. आमच्यासमोर ही परीक्षा दोनदां झाली. पहिल्या खेपेस वाटी एकटीच वर आली. कोणी कांहीं बोललें नाहीं. चालकानें तरफ वर करून वाटींतला चिखल काडीनें खरवडून काढला, गोळा फडक्यानें पुसला, आणि दुसऱ्या खेपेस जीप वर आली.

ज्यांच्या शेतावर ट्रॅक्टर आहे त्यांनीं हें वाचून आपल्या ट्रॉलीकडे वळावें. तेथें गोळा नसतो. दोन पट्ट्यांच्या मध्यें दांडीचें कडें घालून वरून जाड पिन सोडलेली असते, आणि पिनेच्या खालच्या भोंकांत एक क्लिप असावयाची असते. ही क्लिप पहिल्या हंगामांत हरवते. मग तिच्या जागीं तार येते, तार तुटली कीं तुराटीचा तुकडा येतो, आणि पुढें तोही येत नाहीं. पिन आपल्या वजनानें जागेवर राहते हें सपाट रस्त्यावर खरें. धुऱ्यावरून उतरतांना ती उडी मारते. बैलगाडीच्या आसाच्या टोंकाला चाक निसटूं नये म्हणून जी कुणी घालीत, तिच्यावांचून गाडी अंगणाबाहेर काढण्याची आमच्या आजोबांच्या वेळीं कोणाची छाती नव्हती. ट्रॅक्टरच्या पिनेला मात्र आम्ही तो मान देत नाहीं, हें नवल आहे.

जोड इतका पाहूनही तो सुटूं शकतो, हें गृहीत धरून पुढची योजना केलेली असते. ती म्हणजे सांखळ्या. त्या दोन हव्यात, आणि दांडीच्या खालून एकमेकींस छेदून, डावी उजव्या कड्यांत व उजवी डाव्या कड्यांत अशा अडकवाव्यात. ह्या फुलीचें प्रयोजन पुष्कळांस ठाऊक नसतें. वाटी निसटली तर दांडीचें टोंक खालीं पडतें. सांखळ्या सरळ असतील तर तें रस्त्यांत रुततें आणि होडीसकट ट्रेलर कोलांटी खातो. फुली असेल तर टोंक त्या झोळींत पडतें, आणि चालक हळूहळू गाडी कडेला घेऊं शकतो. सांखळी इतकी सैल हवी कीं वळणावर ताणली जाऊं नये, आणि इतकी आंखूड कीं रस्त्यावर घासूं नये, कारण घासून घासून कडी पातळ होते आणि ज्या दिवशीं कामास यावयाची त्या दिवशीं तुटते. तिचें बळ भरलेल्या ट्रेलरचें सर्व वजन ओढण्याइतकें असावें. ट्रेलरास स्वतःचे ब्रेक असतील तर आणखी एक बारीक तार जीपला निराळी अडकवतात. ट्रेलर सुटलाच तर ती ताणून ब्रेक लावते. तिला सांखळीच्याच कड्यांत अडकवूं नये, एवढेंच सांगतों.

होडी ट्रेलरला बांधणें हें निराळें काम आहे आणि त्याबद्दल फार लिहावयास नको. नाकाशीं पट्टा असतोच. पण पट्ट्याच्या जोडीला नाकाच्या कडीपासून ट्रेलरला एक लहान सांखळी हवी, आणि मागच्या दोन्ही कोपऱ्यांना खालीं ओढणारे दोन पट्टे हवेत. इंजिन मागें टांगलेलें असेल तर तें वर उचलून आधार देऊन बांधावें. आमच्या काकूंनीं मागच्या पट्ट्याची गांठ पाहून 'ही सुटायची' असें म्हटलें, आणि ती सुटलीच. गांठींच्या बाबतींत आम्ही त्यांच्याशीं वाद घालीत नाहीं. टायरांतील हवा गाडी थंड असतांना पाहावी. दिव्यांविषयीं मात्र एक शब्द. मागें होडी उभी राहिली कीं जीपचे मागचे दिवे तिच्याआड जातात. म्हणून ट्रेलरचे स्वतःचे लाल दिवे, ब्रेकचा दिवा आणि वळणाचे दिवे चालू आहेत कीं नाहींत हें एकानें मागें उभें राहून पाहावें. पावसाळी संध्याकाळीं न दिसणारी होडी हा रस्त्यावरचा फार मोठा धोका आहे. आणि ट्रेलर म्हणजे नुसती लोखंडी चौकट नव्हे. १९८८ च्या मोटार वाहन कायद्यांत त्याची गणना मोटार वाहनांतच केलेली आहे आणि त्याची नोंदणी करावी लागते.

रस्त्यावर लागल्यावर चालकाची परीक्षा सुरू होते. ब्रेक नसलेला ट्रेलर मागून ढकलीत असतो, म्हणून पुढच्या गाडीपासून नेहमींपेक्षां दुप्पट अंतर ठेवावें, ओल्या रस्त्यावर त्याहूनही अधिक. वळणावर ट्रेलरचीं चाकें जीपच्या चाकांच्या मागून जात नाहींत. तीं आंतल्या बाजूनें कोपरा कापतात. गांवांतील अरुंद वळणावर पार, हापसा किंवा कोणाची ओटी सांपडते ती अशी. ट्रेलर झुलूं लागल्याचें जाणवलें तर घाबरून ब्रेक दाबण्याची ऊर्मि प्रत्येकास येते, आणि नेमकी तीच घातक ठरते. पाय वेगावरून काढावा, चक्र सरळ धरावें, झुलण्याच्या उलट दिशेस तें फिरवूं नये, आणि गाडीस आपोआप मंद होऊं द्यावें. थांबल्यावर ओझें कोठें सरकलें तें पाहावें. आमच्याकडे जीपवाले तरुण वेग वाढवून झुलणें 'मोडून' काढतां येतें असें म्हणतात. हें आम्ही दोघांतिघांच्या तोंडून ऐकलें आहे. त्यांस आमचें सांगणें इतकेंच, कीं उलाळ गाडीचे बैल पळवून ती सरळ होते काय, हें घरच्या जुन्या माणसास विचारावें.

पहिले पांच-सात किलोमीटर गेल्यावर एकदां थांबावें, तरफ, खीळ, सांखळ्या, पट्टे ह्यांवरून हात फिरवावा, आणि ट्रेलरच्या चाकांच्या मधल्या भागास पाठमोरा हात लावून पाहावा. कोमट असेल तर ठीक. चटका बसला तर आंतील बेअरिंग कोरडें पडलें आहे. होडीच्या ट्रेलरची ही मोठीच व्यथा. तापलेलें चाक नदींत बुडवलें कीं आंतली हवा थंड होऊन आंखडते आणि पाणी आंत ओढलें जातें. तें वंगण धुवून टाकतें, आणि पुढच्या खेपेस चाक जाग्यावर अडतें. म्हणून घाटावर पोंचल्यावर पाण्यांत घालण्यापूर्वीं चाकें निवूं द्यावीं, आणि हंगामांतून एकदां तरी वंगण बदलावें. पुराच्या घाईंत इतकें थांबणें कोणास रुचणार, हें आम्हांस कळतें. पण ती वेळ वायां जात नाहीं. तेवढ्या वेळांत दिव्यांची तार जीपपासून सोडवावयाची असते, नाहीं तर तापलेले दिवे गार पाण्यांत तडकतात. मागचे पट्टे सोडावयाचे असतात. आणि मुख्य म्हणजे बुडाचें बूच परत बसवावयाचें असतें. नाकाची सांखळी मात्र होडी पाण्यावर येईपर्यंत सोडूं नये. उतारावर सोडली तर होडी पाण्याआधीं दगडावर उतरते.

ट्रेलर मागें घेतांना नवशिक्याची त्रेधा उडते, कारण चक्र डावीकडे फिरवलें कीं ट्रेलर उजवीकडे जातो. त्यावर एक युक्ति आहे: हात चक्राच्या तळाशीं धरावा, मग ज्या बाजूस हात न्याल त्याच बाजूस ट्रेलरही जाईल. वैनगंगेचा पूर ओसरतांना घाटावर जो गाळ सोडून जातो, तो लोण्यासारखा निसरडा असतो. तेव्हां जीप गिअरमध्यें ठेवून, हातब्रेक ओढून, चाकांना दगड लावल्याशिवाय कोणीही ट्रेलरच्या मागें पाण्यांत उभें राहूं नये. मदतीस धांवणारी गांवची पोरें नेमकीं तेथेंच उभीं राहतात.

त्या दिवशीं हें सर्व होईतों अर्धा तास गेला. चालक थोडा ओशाळला होता, पण निघतांना त्यानें सालदारांच्या पायांस हात लावला, आणि तारेच्या जागीं आमच्या ट्रॅक्टरच्या पेटींतली एक नवी खीळ मागून घेतली. बूच बाहेरच होतें. पवनीपर्यंत पाऊस लागणार, तेव्हां पाणी वाहून जावें म्हणून तें बाहेरच ठेवावें असें ठरलें. पण घाटावर घाईंत तें लावावयाचें राहिलें तर होडी मदतीस जावयाची ती स्वतःच बुडावयाची. ह्यावर वडील बंधू कांहीं तरी यादी लिहून देण्याच्या विचारांत होते, तोंच काकूंनीं फडताळांतून सुतळीचा तुकडा काढला आणि बूच जीपच्या किल्लीला बांधून दिलें. जीप सुरू झाली तेव्हां तें चक्राखालीं लोंबत होतें, आणि चालकाच्या गुडघ्याला प्रत्येक खड्ड्यांत लागत असावें.